फांदी, आकडी आणि तेलाचा दाब



बारा-पंधरा हात उंचीवरची फांदी जमिनीवर उभे राहून कशी तोडावी, हा प्रश्न ऐकायला अगदी किरकोळ वाटतो. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे येतात. पण बांधावरच्या बाभळीची सावली पिकावर पडते, चिंचेची वाळकी खांदी गोठ्यावर लोंबते, शेळ्यांना उन्हाळ्यात पाला हवा असतो, आणि मग घरातला एखादा जवान माणूस कुऱ्हाड कमरेला खोचून वर चढतो. एका हाताने झाड धरायचे आणि दुसऱ्या हाताने घाव घालायचा. पाय निसटला, खांदी सोलपटून उलटली किंवा वाळका फाटा पायाखाली मोडला, तर माणूस खाली येतो तो हाडे मोडूनच. कधी तेवढ्यावरही भागत नाही. त्या घराच्या दृष्टीने ही गोष्ट पानिपताहून लहान नसते. तेव्हा माणसाने आपला हात लांब कसकसा करत नेला, याची हकीकत आज सांगावी म्हणतो. ती सांगताना सेवाग्रामचे नाव वारंवार येईल, कारण अवजार कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न या मुलखात जितका सोलून विचारला गेला तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल.

पहिला लांब हात म्हणजे आकडी. बांबूच्या टोकाला लोखंडाचा वाकडा विळा बसवला की झाली आकडी. शेळ्या राखणाऱ्या पोराच्या खांद्यावर ती आपण नेहमी पाहतो, म्हणूनच तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही. तिच्यातले शहाणपण असे, की ती ओढून काम करते. पातळ लांब काठीने एखादी वस्तू ढकलून पाहा, काठी मध्येच कमानीसारखी वाकते. तीच काठी ओढा, सरळच्या सरळ राहते. दोरीचे तर याहून स्पष्ट आहे. दोरीने गाय ओढता येते, ढकलता येत नाही. उंचावरच्या कामासाठी जे जे हत्यार टिकले ते ओढीचे टिकले. त्यात वर हत्याराचे स्वतःचे वजन खालच्या बाजूलाच असते, म्हणजे ओढणाऱ्याला फुकटची मदत.

हीच गोष्ट करवतीची. विलायती करवतीचे दात पुढे तोंड करून असतात, ती ढकलताना कापते. आपल्या जुन्या सुताराची करवत पुष्कळदा याच्या उलट, मुठीकडे दात वळवलेली असे. ती ओढताना कापे. जपानातही तीच रीत. ढकलीच्या करवतीला पाते जाड लागते, नाहीतर ते वाकते. ओढीच्या करवतीला पातळ पाते पुरते. पुढे कारखान्यांतून ढकलीच्या करवती आल्या आणि आमची जुनी करवत मागासलेली ठरली. पण लांब दांड्याला बसवायची करवत पाहिजे असेल तर ती ओढीचीच हवी, हे आज जगातला कोणताही बागवान सांगेल. गावच्या सुताराला आणि लोहाराला हे हत्यार करणे मुळीच जड नाही. हातभर लांबीचे, किंचित कोयत्यासारखे वाकवलेले पाते, मुठीच्या बाजूला तोंड केलेले दात, पात्याच्या बुडाशी एक लहानसा आकडा म्हणजे ते फांदीवरून घसरत नाही, आणि दांड्यात पक्के रिबिट. बांबू भरीव, पक्का, पेरी जवळजवळ असलेला निवडावा.

आता सेवाग्रामकडे वळू. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगाव या लहान खेड्यात राहायला आले. संत गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. या परिसरात शिंदीची झाडे. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेनने मातीत उठवलेली ताडासारखी झाडे ज्यांनी पाहिली असतील, त्यांच्या हे ध्यानात असेल. वर्ध्यास १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता; जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत संघाचे काम चाले. दिवंगत मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेचे नाव मगनवाडी पडले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ, असे कितीतरी प्रयोग तिथे झाले. गजानन नाईक यांनी शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचे काम सेवाग्रामात उभे केले ते याच काळात.

शिंदीचे काम कसे चालते ते पाहा. माणूस कमरेला आणि खोडाला दोरखंडाचा वेढा घालून वर जातो, शेंड्याखालचा कोवळा भाग धारदार हत्याराने तासतो आणि तिथे मडके बांधतो. मडक्याला आतून चुना लावलेला. रात्रभर रस ठिबकतो, उजाडण्यापूर्वी उतरवला तर ती नीरा. ऊन चढू दिले तर तीच आंबून शिंदी. सारा फरक काही घटकांचा. इथे लांब दांडा कामाचा नाही. तासणे किती खोल झाले हे हाताला कळावे लागते, दोन बोटे जास्त गेले तर झाड मरते. तेव्हा दांडा लांब केला म्हणजे सगळे सुटले, असे कोणी समजू नये. काही कामांना माणूस वर गेलाच पाहिजे. तिथे सुधारणा करायची ती चढण्याच्या साधनात. केरळात नारळावर चढण्यासाठी पायात अडकवायचे लोखंडी पायंडे निघाले आहेत, त्यांच्या साहाय्याने बायामाणसेही नारळ उतरवतात. पण फांदी तोडणे हे शिंदी तासण्याइतके नाजूक काम नव्हे. तिथे माणसाने झाडावर लटकण्याचे कारण नाही.

झाडाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. १९३० साली काका कालेलकर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतीला होते. पुढे काही वर्षे ते वर्ध्यासच राहिले. पिंजणाच्या तातीला चोळण्यासाठी कडुनिंबाची चार-दोन पाने लागत, आणि काका आणताना सगळी डहाळीच तोडून आणीत. गांधीजींनी त्यांना टोकले, की लागतील तेवढीच पाने घ्यावीत आणि तीही झाडाची क्षमा मागून. डहाळी मोडणे ही हिंसा झाली. काकांनी ही आठवण स्वतःच लिहून ठेवली आहे. आता आपण शेतकरी माणसे. झाडाची क्षमा मागत बसलो तर कुंपण व्हायचे केव्हा, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण लागेल तेवढेच तोडायचे असेल तर हत्यार नेमक्या जागी पोचले पाहिजे, हा त्यातला व्यवहार आहे. जो वर लटकून जीव मुठीत धरून घाव घालतो, तो हाताला येईल ती फांदी तोडतो, तोडायला हवी ती नव्हे.

आकडी आणि दांड्याची करवत यांची मर्यादा उघड आहे. मनगटाहून जाड, ओली, कठीण फांदी आली की मान वर करून करवत ओढता ओढता खांदे भरून येतात, डोळ्यांत भुसा जातो. मग प्रश्न येतो, की माणसाच्या ताकदीहून मोठी ताकद दांड्याच्या टोकाला कशी पोचवावी? परदेशांत साखळीची करवत निघाली. जर्मनीच्या आंद्रेआस श्टीलने १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी केली. दोन माणसांनी उचलायचे ते धूड होते. आज ती हलकी झाली आहे, तरी इंजिनासकट दांड्याच्या टोकाला बांधण्याजोगी नाही.

का नाही, ते गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवावे. चार मीटरचा दांडा आडवा धरला आहे. एक हात बुडाशी, दुसरा त्याच्या पुढे एक मीटरवर. टोकाला तीन किलोचे ओझे. पुढच्या हातापासून ओझे तीन मीटर दूर, म्हणून मागच्या हाताने नऊ किलोच्या जोराने खाली दाबावे लागते आणि पुढच्या हाताला बारा किलो तोलावे लागतात. दांड्याचे स्वतःचे वजन निराळेच. टोकाचा एक किलो हाताला चार किलो होऊन लागतो. तेव्हा जड वस्तू जमिनीवर राहावी आणि वर फक्त जोर जावा, अशी काही युक्ती हवी. ती युक्ती तेलाने दिली. त्यालाच हायड्रॉलिक म्हणतात.

तिचे मूळ सतराव्या शतकातले. फ्रान्सच्या पास्कालने दाखवले, की कोंडलेल्या पाण्यावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मरणानंतर १६६३ साली छापला गेला. तत्त्व कळले, यंत्र व्हायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचा हक्क नोंदवला. अडचण बुद्धीची नव्हती, गळतीची होती. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. त्यावर चामड्याची वाटीसारखी चकती निघाली. दाब वाढेल तशी ती अधिकच घट्ट बसते. तिचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या कारागिराला दिले जाते. हातपंपाचे वायसर ज्यांनी बदलले असेल, त्यांना ही चकती ओळखीची वाटेल. म्हणजे एवढ्या मोठ्या शोधाचे घोडे चांभाराच्या एका तुकड्यापाशी अडले होते.

आणि हे दाबयंत्र वर्धा जिल्ह्याला नवे नाही, बरं का! १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली, आणि नंतरच्या काळात हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, वर्धा इथे कापूस दाबून गाठी बांधणारे कारखाने उभे राहिले. ढगासारखा फुगलेला कापूस विटेसारखा घट्ट करणारी ती ताकद द्रवाच्या दाबाचीच. आजची गाठ १७० किलोची धरतात. आमच्या आजोबा-पणजोबांनी हायड्रॉलिकचा पहिला प्रताप पाहिला तो आपलाच कापूस परदेशी जाताना. यंत्र गावात आले, पण गावाचे झाले नाही. मगनवाडीतली माणसे यंत्राकडे संशयाने पाहत, ती अडाणीपणामुळे नव्हे. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते म्हणून.

ज्या १९३६ साली गांधीजी शेगावात आले, त्याच साली तिकडे इंग्लंडात हॅरी फर्ग्युसनचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला. नांगर मागे फरफटत न नेता तेलाच्या दाबाने उचलणारे हात त्याला होते. पुढे १९६० साली मद्रासेत त्याच घराण्याचे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी निघाली, आणि आज खेड्यात ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्या दारात हायड्रॉलिकचा पंप उभाच आहे. ट्रॉली उलटते ती त्यानेच.

आता घरच्या घरी करायच्या जोडाविषयी. परदेशांत कितीतरी शेतकऱ्यांनी आपापल्या शेडमध्ये असा जोड बनवला आहे, आणि आपल्याकडचा एखादा हुशार वेल्डर तो करू शकेल. त्याचे दोन प्रकार. एकात ट्रॅक्टरचे तेल लांब नळीने दांड्याच्या टोकावरच्या लहान तेल-मोटरीत जाते, ती साखळी फिरवते आणि तेल दुसऱ्या नळीने परत येते. इंजिन, पंप, तेलाची टाकी सगळे जमिनीवर. दुसऱ्यात टोकाला लहानसा सिलिंडर असतो, त्याचा दट्ट्या पुढे आला की आकड्यात धरलेली फांदी कात्रीसारखी कापली जाते. तीन सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे तोंड सुमारे सात चौरस सेंटिमीटर भरते. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला, तर पात्यामागे हजार किलोंहून थोडा अधिक जोर आला. मोटारीच्या चाकातला दाब दोन किलोंच्या आसपास असतो, यावरून काय ते समजावे.

माझे मत विचाराल तर गावासाठी कात्रीचा जोड आधी करून पाहावा. त्याला ट्रॅक्टरही लागत नाही. मोटारीच्या जॅकला असतो तसला हातपंप जमिनीवर ठेवून एकाने दांडी हलवावी आणि दुसऱ्याने दांडा धरावा. फिरती साखळी डोक्यावर नाही, आवाज नाही, आणि हात थांबला की पाते थांबते. कात्री लाकूड चेचते आणि जखम ओबडधोबड करते, ही तिची खोड. म्हणून पाल्याला आणि कुंपणाच्या काट्यांना कात्री, आणि जे आंब्याचे झाड पुढे पन्नास वर्षे राहायचे आहे त्याला करवत.

शाळेत हे दाखवायला दोन पिचकाऱ्या पुरतात. इंजेक्शनच्या सुया काढलेल्या, एक लहान, एक मोठी, मध्ये पाण्याने भरलेली नळी. लहानीचा दट्ट्या दाबला की मोठीचा उचलतो, जोर वाढलेला पण चाल कमी झालेली. व्यास दुप्पट असेल तर जोर चौपट आणि चाल पाव. आत हवेचा बुडबुडा राहू दिला तर दट्ट्या स्पंजासारखा मऊ लागतो, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला, तो हाताच्या कामातून विषय शिकवण्याचाच होता. एका आकडीत भूमिती, वजनाचे गणित, झाडांचे शास्त्र आणि लोहारकाम एवढे सगळे बसते.

अशा जोडाची पारख कशी करावी? त्यासाठी एक जुना दाखला उपयोगी पडतो. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मोठ्या नेमक्या होत्या. यंत्र हलके असावे, झोपडीत हातापायांनी चालावे, बाईमाणसाला आठ तास फारसे न थकता चालवता यावे, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीला दरसाल किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक खर्च येऊ नये. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या स्पर्धेसाठी तयार झाला. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र काय करते एवढेच न विचारता कोण चालवील, कोण दुरुस्त करील आणि किती वर्षे पुरेल, हे आधी विचारण्याची ती रीत होती. या कसोटीवर ओढीची करवत पुरी उतरते. हातपंपाची कात्री निम्मी उतरते. पाते आणि दांडा गावात होतात, सिलिंडरचे वायसर आणि नळी मात्र तालुक्याहून आणावी लागते. ट्रॅक्टरवरचा साखळीचा जोड एकट्या शेतकऱ्याला परवडायचा नाही. दहा-पाच गावांनी मिळून, सोसायटीमार्फत घेतला तर गोष्ट निराळी.

धोके स्पष्ट सांगितले पाहिजेत. तेलाच्या नळीला सुईएवढे भोक पडले तर त्यातून निघणारी धार कातडीतून आरपार आत शिरते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात काळानिळा होऊ लागतो. म्हणून गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. आणि धार लागलीच तर दुखण्याची वाट न बघता त्याच घडीला इस्पितळ गाठावे, तेल शिरले आहे असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुसरा धोका विजेच्या तारांचा. लोखंडी नळाचा दांडा तर नकोच, पण ओला किंवा हिरवा बांबूसुद्धा वीज वाहतो. तेलाच्या बहुतेक नळ्यांत पोलादी तारांचे विणकाम असते, हे वरून दिसत नाही. तारेजवळची फांदी आपण तोडूच नये. वीज कंपनीला कळवावे. पावसाळ्यापूर्वी त्यांची माणसे लाइन बंद करून ते काम करतात.

कायदाही ध्यानात असू द्या. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे आणि ठरावीक जातींची झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. २०२० साली वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करताना जुनी झाडे पडू लागली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले, ही गोष्ट ताजीच आहे. आडवी येणारी खांदी वेळच्या वेळी, नीट काढली तर पुष्कळ झाडांचे बुंधे वाचतात.

नीट म्हणजे कशी, तेवढे सांगून आटोपतो. जाड फांदी एका कापात तोडू नये, ती आपल्या वजनाने अर्ध्यात मोडते आणि खोडाची साल वीतभर खाली सोलत नेते. आधी बुंध्यापासून हातभर दूर, खालच्या बाजूने पाव जाडीचा काप घ्यावा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून ओझे खाली पाडावे. राहिलेला ठोंब शेवटी काढावा. तो काढताना खोडाला अगदी लागून कापू नये. फांदी जिथून निघते तिथे सालीची एक फुगीर वळी असते, ती राखावी आणि तिच्या बाहेरून कापावे. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि दाखवले, की झाड जखम भरून काढते ते या वळीच्या आधाराने. डांबर किंवा रंग फासल्याने आतले कुजणे थांबत नाही. वळी शाबूत असली म्हणजे पावसाळ्यानंतर पाहा, जखमेच्या कडेने नवी साल बांगडीसारखी आत सरकू लागलेली दिसते.